शोधयंत्रातील दृश्यता, संकेतस्थळाची

शोधयंत्रास एखादा प्रश्न वा शब्द दिला असता मिळणाऱ्या उत्तरांच्या यादीत विशिष्ट संकेतस्थळाचे पृष्ठ समाविष्ट होणे व ते वाचकाच्या सहज नजरेस पडेल इतक्या वरच्या स्थानी असणे, यास त्या संकेतस्थळाची शोधयंत्रातील दृश्यता म्हणतात. ही दृश्यता वाढविण्याच्या प्रयत्नांस शोधयंत्र-अनुकूलन अशी संज्ञा आहे. यादीच्या माथ्यावर वा कडेला मोल देऊन मिळविलेली जाहिरातीची जागा आणि ही दृश्यता यांत मूलतः भेद आहे. जाहिरातीचे पैसे थांबताच तिची जागा जाते. दृश्यता मात्र पृष्ठाच्या अंगभूत गुणांवर व त्यास मिळालेल्या मान्यतेवर अवलंबून असते. अनुकूलनाचे स्थूलमानाने तीन भाग पडतात : (१) पृष्ठ यंत्रास वाचता येईल अशी तांत्रिक रचना, (२) वाचकाची गरज भागविणारा उपयुक्त आशय आणि (३) इतर संकेतस्थळांनी दुव्यांच्या द्वारे घेतलेली दखल. यांपैकी दुसरा भाग हा उरलेल्या दोहोंचा पाया होय. कारण निरुपयोगी पृष्ठ यंत्रास वाचता आले, तरी त्याची दखल घेण्यास कोणास कारण उरत नाही.

ग्रंथालयात ग्रंथ असूनही तालिकेत त्याची नोंद नसेल, तर वाचकाच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच असतो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये जी पाच सूत्रे मांडली, त्यांत प्रत्येक वाचकास त्याचा व प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळावा आणि वाचकाचा वेळ वाचावा, असा आशय आहे. महाजालावर हे काम शोधयंत्रे करतात. फरक इतकाच, की ग्रंथपाल ग्रंथ पाहून त्याचे वर्गीकरण करतो, तर शोधयंत्रास ते पृष्ठावरील शब्दांवरून व पृष्ठांच्या परस्परसंबंधांवरून अनुमानाने करावे लागते. हे अनुमान अचूक व्हावे अशा रीतीने लिहिणे, हा या विषयाचा गाभा आहे.

इतिहास : कॅनडातील मॅक्‌गिल विद्यापीठात १९९० मध्ये ॲलन एमटेज यांनी तयार केलेले ‘आर्ची’ हे आद्य शोधयंत्र मानले जाते. त्यात केवळ संचिकांच्या (फाइलींच्या) नावांची सूची होती. १९९४ मध्ये सुरू झालेली ‘याहू’ ही माणसांनी वर्गवारी करून तयार केलेली निर्देशिका होती. डिसेंबर १९९५ मध्ये आलेल्या ‘अल्टाव्हिस्टा’ने पृष्ठांतील संपूर्ण मजकुराचा शोध सर्वसामान्यांस उपलब्ध करून दिला. त्या काळातील यंत्रे मुख्यत्वे शब्दांच्या आवृत्तीवर विसंबत. त्यामुळे एकच शब्द शेकडो वेळा लिहून वरचे स्थान मिळविण्याचा प्रकार बोकाळला. १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी दुव्यांवरून पृष्ठाचे महत्त्व ठरविण्याची ‘पेजरँक’ ही पद्धती प्रसिद्ध केली व त्याच वर्षी गूगल कंपनीची स्थापना झाली. शास्त्रीय निबंधाचे महत्त्व त्यास मिळालेल्या उद्धरणांवरून जोखण्याची जी कल्पना यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडली होती, तिच्याशी या पद्धतीचे जवळचे नाते आहे.

दुव्यांना मोल आल्यावर त्यांचीही खरेदी-विक्री सुरू झाली. या अपप्रकारांना आळा घालण्यासाठी गूगलने फेब्रुवारी २०११ मध्ये निःसत्त्व मजकुरास मागे सारणारा ‘पांडा’ आणि एप्रिल २०१२ मध्ये बनावट दुव्यांविरुद्धचा ‘पेंग्विन’ हे बदल अंमलात आणले. ऑक्टोबर २०१९ पासून ‘बर्ट’ या भाषिक प्रतिमानाच्या साहाय्याने वाक्यातील शब्दांचा संदर्भ लक्षात घेण्यास आरंभ झाला व डिसेंबर २०१९ मध्ये त्याची व्याप्ती सत्तरांहून अधिक भाषांपर्यंत वाढविण्यात आली. यंत्रासाठी लिहिलेल्या मजकुराहून माणसासाठी लिहिलेल्या मजकुरास अग्रक्रम देणारी ‘उपयुक्त आशय’ पद्धती ऑगस्ट २०२२ मध्ये आली आणि मार्च २०२४ मध्ये ती मूळ क्रमांकन-पद्धतीत विलीन करण्यात आली.

शोधयंत्राचे कार्य : हे कार्य तीन टप्प्यांत चालते. प्रथम ‘क्रॉलर’ ही आज्ञावली एका पृष्ठावरील दुव्यावरून दुसऱ्या पृष्ठावर जात मजकूर गोळा करते. ज्या पृष्ठाकडे कोठूनही दुवा जात नाही, ते तिला सहसा सापडत नाही. दुसऱ्या टप्प्यात उलट निर्देशसूची तयार होते; म्हणजे कोणत्या पृष्ठात कोणते शब्द आहेत याऐवजी कोणता शब्द कोणकोणत्या पृष्ठांत आहे याची नोंद केली जाते. ग्रंथाच्या शेवटी असणाऱ्या शब्दसूचीचेच हे विशाल रूप होय. तिसऱ्या टप्प्यात शोधशब्दांस अनुरूप पृष्ठे निवडून त्यांचा क्रम लावला जातो.

क्रम लावताना विरळ शब्दास अधिक वजन देण्याचे तत्त्व कॅरन स्पार्क जोन्स या ब्रिटिश विदुषीने १९७२ मध्ये मांडले. समजा, एका संग्रहात १० लाख पृष्ठे असून त्यांपैकी १ लाख पृष्ठांत ‘भारत’ व केवळ १०० पृष्ठांत ‘हेमलकसा’ हा शब्द आला आहे. एकूण पृष्ठे व तो शब्द असणारी पृष्ठे यांच्या गुणोत्तराचा (१० या पायाचा) लॉगॅरिथम घेतल्यास पहिल्या शब्दाचे वजन १, तर दुसऱ्याचे ४ येते. यावरून असे दिसते, की सर्वसामान्य विषयावर आणखी एक पृष्ठ लिहिण्यापेक्षा विवक्षित स्थळाची वा विषयाची नेमकी माहिती देणाऱ्या पृष्ठास पुढे येण्याची संधी अधिक असते. लहान संस्थांच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. आधुनिक यंत्रे यांशिवाय इतर अनेक घटक विचारात घेतात व त्यांचे नेमके प्रमाण गुप्त ठेवले जाते. तथापि वरील तत्त्वांचा पाया कायम आहे.

उपयुक्त आशयाची लक्षणे : आशय उपयुक्त आहे किंवा नाही, हे वाचकाच्या प्रश्नावरून ठरते. प्रश्नांचे साधारणतः तीन प्रकार असतात : माहिती हवी असणे, विशिष्ट संस्थेपर्यंत वा ठिकाणी पोहोचावयाचे असणे आणि एखादी कृती (उदा., नोंदणी, देणगी, खरेदी) करावयाची असणे. एका पृष्ठाने एका प्रश्नाचे पूर्ण उत्तर द्यावे. त्याचे शीर्षक तो प्रश्न ओळखता येईल असे असावे. उत्तराचा मुख्य भाग आरंभीच यावा व तपशील पुढे यावा. माहिती प्रत्यक्ष अनुभवातून वा अधिकृत ज्ञानातून आलेली असावी आणि ती कोणी दिली, केव्हा दिली व शेवटी केव्हा तपासली, हे पृष्ठावर नमूद असावे. इतरांचा मजकूर शब्द फिरवून पुन्हा छापल्याने जगाच्या माहितीत भर पडत नाही व पृष्ठाची दृश्यताही टिकत नाही.

हेमलकशाचे उदाहरण : गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यातील हेमलकसा हे गाव इंद्रावती, पामुलगौतमी व पर्लकोटा या नद्यांच्या संगमाजवळ, घनदाट अरण्यात वसलेले आहे. बाबा आमटे यांच्या प्रेरणेने २३ डिसेंबर १९७३ रोजी येथे लोकबिरादरी प्रकल्पास आरंभ झाला व प्रकाश आणि मंदाकिनी आमटे या डॉक्टर दांपत्याने माडिया गोंडांमध्ये वैद्यकीय सेवा सुरू केली. १९७६ मध्ये आश्रमशाळा निघाली. जखमी व पोरक्या वन्य प्राण्यांचे अनाथालयही येथे आहे. या दांपत्यास २००८ मध्ये रामोन मागसायसाय पुरस्कार मिळाला. प्रकल्पाचे स्वतःचे संकेतस्थळ आहे. याखेरीज वृत्तपत्रे, प्रवासवर्णने, ज्ञानकोश व शासकीय पृष्ठे यांतून या गावाविषयी मजकूर आढळतो. दूरस्थ स्थळाची माहिती वाचकापर्यंत पोहोचताना कोणत्या अडचणी येतात, याचे हे गाव चांगले उदाहरण आहे.

पहिली अडचण नावांची. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. त्यापूर्वीच्या लेखनात हेमलकसा चंद्रपूर जिल्ह्यात असल्याचा उल्लेख साहजिकच येतो आणि त्याहून जुन्या कागदपत्रांत या जिल्ह्याचे नाव ‘चांदा’ असे आहे. ‘हेमलकसा, जिल्हा चंद्रपूर’ असे शब्द देणाऱ्या वाचकास आजची माहिती देणारे पृष्ठ मिळावयाचे असेल, तर ‘१९८२ पूर्वी चंद्रपूर जिल्ह्यात’ असे एक वाक्य त्या पृष्ठावर असणे हिताचे. आनंदवन व हेमलकसा एकच, असाही समज आढळतो. वस्तुतः आनंदवन हे चंद्रपूर जिल्ह्यातील वरोड्याजवळ आहे. हा भेद स्पष्ट करणारे वाक्य शोधयंत्रास उपयोगी पडतेच. पण भलत्या ठिकाणी जाऊन पोहोचणाऱ्या माणसाचा हेलपाटाही त्यामुळे वाचतो.

दुसरी अडचण वाचकांच्या भिन्न गरजांची. रुग्णाच्या नातेवाइकास दवाखाना केव्हा उघडा असतो व तेथे कोणते उपचार होतात, हे हवे असते. सहल नेणाऱ्या शिक्षकास मार्ग, मुक्काम व पूर्वपरवानगी यांविषयी विचारावयाचे असते. देणगीदारास पावती व करसवलत यांची, तर अभ्यासकास माडिया भाषा व शिक्षणप्रयोग यांची माहिती हवी असते. ही सर्व माहिती ‘आमच्याविषयी’ अशा एकाच शीर्षकाखाली कोंबल्यास कोणत्याही प्रश्नास ते पृष्ठ नेमके उत्तर ठरत नाही. प्रत्येक प्रश्नास स्वतंत्र पृष्ठ, बोलके शीर्षक व पृष्ठांचे परस्परांशी दुवे, ही रचना अशा ठिकाणी योग्य ठरते. शीर्षकातील शब्दही वाचकाच्या तोंडचे असावेत. संस्था ‘आरोग्यसेवा विभाग’ असे लिहिते, तेव्हा शोधणारा ‘दवाखाना’ वा ‘हॉस्पिटल’ असे लिहीत असतो.

तिसरी अडचण कालबाह्य माहितीची. पावसाळ्यात पर्लकोटा नदीस पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटण्याचे प्रसंग वारंवार आले आहेत. ‘रस्ता बंद आहे’ असे दिनांकाविना लिहिलेले पृष्ठ पूर ओसरल्यावरही यादीत दिसत राहते आणि ‘रस्ता चालू आहे’ असे लिहिलेले पृष्ठ पुराच्या दिवसांतही दिसते. रुग्णास घेऊन निघालेल्या माणसाच्या दृष्टीने दुसरा प्रकार अधिक घातक होय. म्हणून बदलणारी माहिती स्थायी माहितीपासून वेगळी ठेवावी, तिच्यावर ठळक दिनांक घालावा व मुदत संपताच ती काढून टाकावी.

आरोग्यविषयक आशय : आरोग्यविषयक माहितीत दृश्यता व जबाबदारी यांचा संबंध विशेष स्पष्ट होतो. वनप्रदेशात नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांसारख्या विषारी सापांच्या दंशाचा धोका असतो. सर्पदंशावर उपाय शोधणाऱ्यास जखम कापणे, विष तोंडाने शोषणे, अवयव करकचून बांधणे यांसारखे अनिष्ट सल्ले देणारी पृष्ठेही सापडू शकतात. रुग्णास धीर देणे, दंश झालेला अवयव हलू न देणे आणि प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात विनाविलंब नेणे, हा योग्य मार्ग होय. हा सल्ला अधिकारी वैद्याच्या नावाने, सोप्या मराठीत व पृष्ठाच्या पहिल्याच परिच्छेदात दिला गेला, तर तो वरच्या स्थानी येण्याची शक्यता वाढते. जाणकारांनी लिहिले नाही, तर यादीतील रिकामी जागा अजाण लेखक भरून काढतात. प्रकृती, पैसा व सुरक्षितता यांविषयीच्या पृष्ठांना गूगलच्या गुणवत्ता-मार्गदर्शिकेत अधिक कडक निकष लावलेले आहेत, ते याच कारणाने.

मराठी भाषेचे विशेष प्रश्न : (१) संकेतन : मराठी संकेतस्थळांच्या आरंभीच्या काळात अनेकांनी स्वतंत्र टंक (फाँट) वापरले. त्यांत पडद्यावर देवनागरी अक्षरे दिसत. परंतु संगणकात रोमन अक्षरांचेच संकेत साठविले जात. परिणामतः शोधयंत्रास तो मजकूर निरर्थक वाटे. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश होता. तिचा प्रसार झाल्यावर हा अडसर दूर झाला. छायाचित्राच्या रूपात चढविलेली निमंत्रणे, अहवाल व कात्रणे मात्र आजही यंत्रास पुरेशी वाचता येत नाहीत. अशा चित्रांसोबत त्यांतील मजकूर लिहून देणे आवश्यक असते. (२) लेखनभेद : ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी लिहिता येतो. डोळ्यास सारखे दिसणारे हे शब्द यंत्रास भिन्न वाटू शकतात. ‘भामरागड’ व ‘भामरागढ’ असे ड-ढ यांचे, तसेच ऱ्हस्वदीर्घाचे भेदही आहेत. मजकुरात एकच प्रमाण लेखन पाळावे व रूढ पर्यायांचा एकदा उल्लेख करावा. (३) विभक्ती : मराठीत नामास प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते. ‘रस्ता’चे ‘रस्त्याने’, ‘दवाखाना’चे ‘दवाखान्यात’ व ‘हेमलकसा’चे ‘हेमलकशाला’ किंवा ‘हेमलकसाला’ होते. इंग्रजीहून हा प्रकार गुंतागुंतीचा असल्याने मूळ रूप ओळखण्यात यंत्र चुकू शकते. यास्तव शीर्षकात व पहिल्या वाक्यात नाम एकदा तरी मूळ रूपात यावे. (४) लिपीची समानता : मराठी व हिंदी यांची लिपी एकच, पण ‘शिक्षा’ या शब्दाचा अर्थ मराठीत दंड, तर हिंदीत शिक्षण असा होतो. पृष्ठाची भाषा त्याच्या संकेतात घोषित करणे म्हणूनच उपयुक्त ठरते. (५) रोमन लिपीतील शोध : पुष्कळ वाचक मराठी शब्द रोमन अक्षरांत टंकित करतात. स्थळनामे व संस्थांची नावे दोन्ही लिप्यांत देणे त्यांस सोयीचे असते. ऑगस्ट २०१४ पासून ‘.भारत’ हा देवनागरी क्षेत्रप्रत्यय उपलब्ध असल्याने संकेतस्थळाचा पत्ताही आता मराठीत घेता येतो.

मराठीतील संदर्भयोग्य मजकूर वाढविण्यात २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचा मोठा वाटा आहे. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये व विसावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. या खंडांतील नोंदी युनिकोडमध्ये संकेतस्थळावर आल्यामुळे छापील पृष्ठांत बंदिस्त असलेले ज्ञान शोधयंत्रांच्या कक्षेत आले.

तांत्रिक बाजू : उत्तम आशयासही काही तांत्रिक आधार लागतो. प्रत्येक पृष्ठास स्वतंत्र शीर्षक व संक्षिप्त वर्णन असावे. मथळे व उपमथळे खरोखर मथळे म्हणून चिन्हांकित असावेत. चित्रांना वर्णनात्मक मजकूर जोडावा. संकेतस्थळाचा नकाशा (सर्व पृष्ठांची यंत्रवाच्य यादी) पुरविल्यास क्रॉलरचे काम सुकर होते. पृष्ठ भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर नीट दिसावे. एप्रिल २०१५ पासून गूगल भ्रमणध्वनीवरील शोधात हा गुण विचारात घेते. जेथे जालजोडणी क्षीण आहे, अशा गडचिरोलीसारख्या भागात पृष्ठ हलके असणे ही केवळ क्रमांकनाची बाब नसून ते उघडते की नाही, याचाच तो प्रश्न असतो. मोठी छायाचित्रे व चलत्‌चित्रे यांमुळे दवाखान्याचा दूरध्वनी क्रमांकही पडद्यावर न येणे, हा अशा पृष्ठांचा नेहमीचा दोष आहे.

अपप्रकार : शोधशब्दांची अनाठायी पुनरुक्ती, पार्श्वभूमीच्याच रंगात छुपा मजकूर लिहिणे, दुवे विकत घेणे, एकच मजकूर गावांची नावे बदलून शेकडो पृष्ठांवर टाकणे, यंत्रनिर्मित मजकुराचा तपासणीविना भरणा करणे इ. मार्गांनी तात्पुरता लाभ होतो. परंतु असे संकेतस्थळ उघडकीस आल्यास यादीतून गाळले जाऊ शकते. पृष्ठाच्या संकेतात शोधशब्दांची यादी लपवून ठेवण्याची जुनी पद्धत निरुपयोगी झाली असून गूगल ती विचारात घेत नाही, असे त्या कंपनीने २००९ मध्येच जाहीर केले आहे. पहिल्या स्थानाची हमी कोणीही देऊ शकत नाही. तशी हमी देणाऱ्यांपासून संस्थांनी सावध राहणे इष्ट.

मापन व मर्यादा : कोणत्या शोधशब्दांसाठी पृष्ठ यादीत आले, कितव्या स्थानी आले व कितीजणांनी ते उघडले, ही माहिती शोधयंत्र कंपन्या संकेतस्थळाच्या धारकास विनामूल्य पुरवितात. तिचा खरा उपयोग पाठ थोपटून घेण्यासाठी नसून अनुत्तरित प्रश्न ओळखण्यासाठी आहे. एखाद्या प्रश्नासाठी पृष्ठ अनेकदा दिसते, पण उघडले जात नाही, तर शीर्षक दिशाभूल करणारे वा अपुरे असण्याचा संभव असतो. नव्या पृष्ठाचा परिणाम दिसण्यास अनेक आठवडे वा महिने लागतात, हेही ध्यानात घ्यावे लागते.

२०२४ पासून शोधयंत्रे यादीच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने जुळविलेले आयते उत्तरही देऊ लागली आहेत. यामुळे मूळ पृष्ठ न उघडताच वाचकाचे समाधान होऊ शकते व संकेतस्थळाकडे येणारा ओघ घटू शकतो. परंतु ही उत्तरेही कोणीतरी लिहिलेल्या मजकुरावरच आधारलेली असतात. ज्या भाषेत व ज्या विषयात विश्वसनीय मजकूर तोकडा, तेथे ती चुकण्याचा धोका अधिक. दृश्यतेलाही एक मूलभूत मर्यादा आहे. हेमलकशाच्या परिसरातील ज्या माडिया कुटुंबांसाठी दवाखाना उभा राहिला, त्यांपैकी अनेकांची भाषा माडिया असून त्या भाषेत महाजालावरील मजकूर अत्यल्प आहे. त्यांच्यापर्यंत माहिती पोहोचते, ती आरोग्यसेवक, शिक्षक व शिकून परतलेली मुले यांच्या मुखातून. शोधयंत्रात दिसणाऱ्या पृष्ठाचे पहिले वाचक बहुधा हे मध्यस्थच असतात. त्यांना नेमकी, दिनांकित व उलगडून सांगता येण्याजोगी माहिती मिळणे, हीच अशा संकेतस्थळाच्या उपयुक्ततेची कसोटी होय.